कानातला खडा

माझ्या खोलीच्या दारावर पाटी नाही.
एका बाजूला लॉन्ड्री, दुसरीकडे बॉयलर,
खिडकीतून सेंट जॉन्सचं बंदर, दिसलं तर.
बहुतेक दिवस धुकंच.
ही जागा मीच मागून घेतली.
येणारीला कुणी हटकलं तर म्हणता यावं,
कपडे धुवायला चाललेय.

ब्रॉना पेनी आली ती ओल्या बुटांनी
आणि बसलीच नाही.
म्हणाली, मला फक्त विचारायचंय,
की विचारलं तर काय होतं.

सांगितलं. हे मला तोंडपाठ आहे.
डीनच्या कचेरीत बोललीस तर त्यांना पुढे कळवावंच लागतं.
लेखी तक्रार दिलीस तर चौकशी बसते,
तुझं म्हणणं त्यालाही वाचायला देतात.
पोलिसांकडे गेलीस तर सुकाणू त्यांच्या हातात.
इथे बोललीस तर ते इथेच.
कुणाच्या जिवावर बेतणार असेल, तेवढंच बाहेर जाईल.

"म्हणजे तुम्ही काहीच करत नाही."
चहा करते, मी म्हटलं.
तेव्हा बसली.

पुढचे दोन आठवडे ती कॉड माशांबद्दलच बोलली.
माशाच्या कानात एक खडा असतो म्हणे, शेंगदाण्याएवढा.
चिरून भिंगाखाली धरला
की वर्षं मोजता येतात, झाडाच्या बुंध्यासारखी.
उपासमारीचं वर्ष अरुंद.
"माशाला काही विचारावं लागत नाही," ती म्हणाली.
"मेलेला असतो ना."

मग एका मंगळवारी जहाज आलं बोलण्यात.
अठरा दिवसांची सफर, लॅब्राडोरच्या वर,
रात्रपाळी, मासे मोजायची खोली,
तिची कडी आतून लागते, हे.
बाकीचं मी इथे लिहिणार नाही.
त्याचं नाव तिने एकदाच घेतलं,
घसा खाकरल्यासारखं.

ते नाव मी ऐकलेलं होतं.
तीन वर्षांपूर्वी, ह्याच खुर्चीत,
दुसरीच कुणी.
तीच खोली. तीच कडी.

चौतीस वर्षं नर्स होते मी,
रिपोर्ट आधी वाचून मग हसतमुखाने उशी सारखी करायची,
ते सगळं त्या क्षणी कामी आलं.
जीभ दातांखाली धरली. साखर विरघळलेला चहा
पुन्हा ढवळत बसले.

आवाज होता तेवढाच ठेवून म्हटलं,
अजून एक सोय आहे.
नाव, तारीख लिहून पाकीट बंद करून ठेवता येतं.
त्याच माणसाचं दुसरं पाकीट आलं
तर दोघींना विचारतात, पुढे जायचं का.
"आणि नाही आलं तर?"
तर पडून राहतं.

(आलेलं आहे, ब्रॉना.
कपाटात आहे. तिसऱ्या खणात.
तिलाही मी शब्द दिलाय.)

तिने पाकीट घेतलं नाही.
म्हणाली, परत जहाजावर पाय ठेवणार नाही, कानाला खडा.
मी मान हलवली.
खडा कुणाच्या कानाला लागायला हवा होता,
हे बोलायचा मला पगार मिळत नाही.
त्या रात्री घरी जाऊन नवऱ्यावर ओरडले,
किटलीचं झाकण नीट लावलं नाही म्हणून.
हेरल्डने विचारलंही नाही. त्याला सवय आहे.

तिने गाइड बदलून घेतला, त्याची चिठ्ठी मी दिली.
चिठ्ठीत कारण लिहावं लागत नाही.
मग फेब्रुवारी गेला, मार्च गेला.
बंदरात बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत राहिले.
तिची खुर्ची मी हलवली नाही, असं म्हणणार होते,
पण खोटं आहे, त्या खुर्चीत तेवढ्यात अकरा जण बसून गेले.

काल आली.
कपड्यांची पिशवी खरोखरच हातात.
काड्यापेटी टेबलावर ठेवली, आत कापसावर एक खडा,
मधोमध चिरलेला.
"सातवं वलय बघा," म्हणाली.
माझ्या डोळ्यांना काहीच दिसेना, चष्मा लावूनही.

मग इकडेतिकडे बघत, वॉशिंग मशीन रिकामं आहे का
असं विचारावं तशा सुरात तिने विचारलं,
ते पाकीट
चिकटवायचं असतं, की नुसतं दुमडायचं?